अंबडचं फिरतं दप्तर

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि तोवर औरंगाबाद जिल्ह्यात असलेला अंबड तालुका नव्या जिल्ह्यात आला. त्याआधी काही आठवडे, एप्रिल महिन्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक मेळ्यात ‘ऑस्बोर्न-१’ नावाचं यंत्र लोकांपुढे मांडलं गेलं होतं. मूठ धरून उचलायची पेटी, वजन सुमारे ११ किलो. झाकण काढलं की त्याचाच कळफलक व्हायचा; मधोमध ५ इंची पडदा आणि दोन्ही बाजूंना फ्लॉपीच्या खाचा. ६४ किलोबाइट मेमरी, किंमत १,७९५ डॉलर. त्या वेळच्या दराने हे पंधरा हजार रुपयांच्या आसपास जातात आणि त्यावर भारतातली जबर आयात जकात वेगळी. मूळ यंत्राला बॅटरी नव्हती. नेऊ तिथे आधी विजेचं सॉकेट शोधायचं. मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला उचलता संगणक म्हणून त्याचं नाव राहिलं.

उचलून न्यायची कचेरी अंबड तालुक्याला मात्र नवी नव्हती. गोदाकाठच्या शहागड-गोंदीपासून रोहिलागडपर्यंत पसरलेल्या गावांचा जमीन-महसूल पिढ्यान्‌पिढ्या कापडात बांधून, बगलेत मारून फिरत आला होता. लॅपटॉप घेताना लोक वेग, वजन आणि किंमत या तीन मापांनी तोलतात. अंबडच्या महसुली कारभाराचा इतिहास पाहिला तर हीच तीन मापं तिथे फार आधीपासून लागू होती असं दिसतं. आणि त्यांच्या जोडीला आणखी दोन मापं दिसतात, ज्यांच्यावाचून मराठवाड्यातल्या खेड्यात कोणतंच यंत्र टिकलं नाही: लिपी आणि वीज.

अंबड हे जुनं परगण्याचं ठिकाण. माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी हे इथलं दैवत. परगणा होळकरांकडे होता, आणि अहिल्याबाईंचं नाव इथल्या देवळा-बारवांशी आजही जोडलेलं आहे. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला आणि अंबड पुढे निजामाच्या राज्यात गेलं. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचं राज्य संपलं; १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. धनी इतक्यांदा बदलला, पण जमीन तीच आणि ती कसणारे हातही बहुतेक तेच. त्यामुळे आधीच्या राजवटीचा कागद पुढच्या राजवटीला वाचता येणं, ही कारभाराची पहिली गरज होती.

मराठी कारभाराने या गरजेवर काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे. मोडी लिपी ओळीच्या ओळी हात न उचलता लिहिता येते. कारकुनाच्या दृष्टीने तो शुद्ध वेगाचा प्रश्न होता: दिवसाउजेडी संपवायची पत्रं आणि हिशेब बोरूने किती भरभर उतरतील? देवनागरीत प्रत्येक अक्षर सुटं काढत बसलं असतं तर जमाबंदीचं काम वेळेत उरकलं नसतं. लिहून झालेले कागद चौकोनी कापडात बांधले जात. या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रुमाल घोड्यावर लादता येई, आग लागली तर चार माणसं पळवून नेऊ शकत, आणि एक रुमाल गेला तरी बाकीचे शाबूत राहत. कागद महाग होता, म्हणून कडेचा कोराही वापरला जाई.

निजामाच्या राज्यात दिवाण पहिले सालारजंग यांनी १८५३ पासून तीस वर्षं कारभाराची फेरबांधणी केली. १८६० च्या दशकात जिल्हे आणि तालुके आखले गेले, पगारी अंमलदार आले. १८८० च्या दशकात दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावात मात्र पटवारी मोडी-मराठीतच लिहीत राहिला. वरच्या कचेरीत उर्दू, खाली मोडी, आणि दोघांच्या मध्ये गावोगाव फिरून पडताळणी करणारा गिरदावर. एकाच शेताची नोंद दोन लिप्यांत, दोन दप्तरांत राहिली. पुढे शंभर वर्षांनी संगणकापुढे जो गोंधळ उभा राहिला त्याचं हे जुनं रूप.

मोजणीची साधनंही फिरती हवीत. दख्खनच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन माणसं आणि एक साखळी एवढ्यात शेत कागदावर येई. हेक्टर आणि आर सातबाऱ्यावर येऊनही आता दशकं झाली, पण अंबडच्या बाजारात जमिनीचा सौदा आजही एकर-गुंठ्यांतच बोलला जातो.

विलीनीकरणानंतर हैदराबाद राज्यात १९५४-५५ च्या सुमाराला खासरा पाहणी झाली. शेतनिहाय कब्जा आणि पीक टिपणारं हे पत्रक मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही पुरावा म्हणून पुढे येतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. गाव नमुना १ ते २१ ही तलाठ्याची चौकट पक्की झाली: सहा नंबरला फेरफार, सात नंबरला हक्क, बारा नंबरला पीक, आठ-अ ला खातं. सात आणि बारा मिळून सातबारा. एका तलाठ्याच्या सजात दोन-चार गावं असली की या नोंदवह्यांनी पेटी भरे. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक उतारा मागायला येत, तेव्हा हवी ती वही नेमकी दुसऱ्या गावच्या चावडीत असे. शेतकऱ्याच्या फेऱ्या इथूनच सुरू होत. तलाठी वाईट होता म्हणून हे होत नसे. दप्तराची दुसरी प्रत नव्हती, हे त्याचं खरं कारण.

टाइपरायटरने हा प्रश्न सोडवला नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि देवनागरी कळफलकाची यंत्रं तहसिलींमध्ये पोचली. अक्षर स्वच्छ झालं, कार्बन लावून प्रती निघू लागल्या, टायपिंग संस्थांमधून मुलं परीक्षा देऊन नोकरीला लागली. पण हे जड लोखंडी धूड कचेरीच्या टेबलावरून हललं नाही. तहसीलीच्या आवारात अर्जनवीस झाडाखाली यंत्र मांडून बसत, तेवढाच त्याचा प्रवास. गावात दप्तर हातानेच लिहिलं जात राहिलं.

ऑस्बोर्ननंतर अमेरिकेत आणि जपानात लॅपटॉपचं रूप झपाट्याने बदललं, आणि तिथेही तिन्ही मापं एकमेकांशी भांडत होती. १९८२ चा ग्रिड कंपास मॅग्नेशियमच्या कवचाचा, शिंपल्यासारखा उघडणारा, ऑस्बोर्नच्या निम्म्याहून कमी वजनाचा. किंमत मात्र ८,१५० डॉलर. तो नासाने आणि अमेरिकी लष्कराने घेतला, सामान्य दुकानदाराने नाही. १९८५ मध्ये तोशिबाचा टी-११०० आला: सुमारे ४ किलो, बॅटरीवर काही तास चालणारा, आयबीएम पीसीवरचे प्रोग्रॅम चालवणारा, किंमत दोन हजार डॉलरच्या आत. वेगात तो टेबलावरच्या यंत्रांच्या मागेच होता, पण कचेरीतलं काम तेच्या तेच घरी नेता येत होतं. आजच्या लॅपटॉपचं गोत्र याच्याशी जुळतं. १९८९ मध्ये अ‍ॅपलने काढलेला मॅकिन्टॉश पोर्टेबल उत्तम पडद्याचा होता, पण ७ किलोंच्या वर भरला आणि बाजारात पडला. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली आणि या भांडणात वजनाची बाजू हळूहळू सुटू लागली.

हे सगळं अंबडपासून दूर होतं. त्याच काळात जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली. देशातल्या ज्या आठ जिल्ह्यांत पहिला प्रयोग झाला, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. तालुक्याच्या गावी खोली, खोलीत एअर कंडिशनर, त्यात संगणक. बूट बाहेर काढून आत जायचं. नोंदी कागदावरून यंत्रात आल्या, पण त्या खोलीबाहेर जाऊ शकत नव्हत्या.

आणि आधी त्या मराठीत तर लिहिता यायला हव्यात. इथे पुण्याचं काम मोलाचं आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. पण बाजारात प्रत्येक फॉन्ट कंपनीची मांडणी निराळी. एका कचेरीत टंकलेली फाइल दुसऱ्या कचेरीत उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे, आणि सातबाऱ्यावरचं नाव पुन्हा पहिल्यापासून टंकावं लागे. युनिकोडने ही भिंत पाडली. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. सुलेखनात आयुष्य घालवलेल्या या मराठी कलावंताची अक्षरं पुढे राज्यातल्या कोट्यवधी सरकारी कागदांवर उमटली. अंबडच्या शेतकऱ्यासाठी हा बदल प्रोसेसरच्या वेगापेक्षा कितीतरी मोठा होता. यंत्र दहापट वेगवान असून त्याला ‘ज्ञानोबा’ लिहिता येत नसेल, तर त्या वेगाचा इथे काय उपयोग?

२००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम सुरू केला आणि तालुक्यांच्या ठिकाणी, मागोमाग मोठ्या गावांत, संगणक वर्ग निघाले. सरकारी नोकरीसाठी ही पात्रता लागू लागल्यावर शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी तिथे मुलांच्या शेजारी बसून शिकले. मग २००५ च्या आसपास राज्यात भारनियमनाने कहर केला. ग्रामीण मराठवाड्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. डेस्कटॉपला यूपीएस लावायचा, तो दहा-पंधरा मिनिटांत दम तोडणार, जनरेटर लावायचा तर डिझेल. लॅपटॉपची खरी किंमत त्या वर्षांत लोकांना कळली: त्यातली बॅटरी दोन-तीन तास काम थांबू देत नव्हती. शहरातल्या ग्राहकाने लॅपटॉप हलका म्हणून घेतला असेल. इथे तो वीज गेली तरी चालतो म्हणून घेतला गेला.

किंमतही याच सुमाराला आवाक्यात येऊ लागली. माहिती तंत्रज्ञान कराराखाली भारताने २००५ पर्यंत संगणकांवरची सीमाशुल्काची आकारणी शून्यावर आणली. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाला सामानात एक लॅपटॉप जकातीविना आणायची मुभा होती, तिचा लाभ पुण्या-मुंबईच्या अनेक घरांनी घेतला. अंबडसारख्या गावात ती वाट थोड्यांनाच खुली होती. २००७ च्या अखेरीस असूसचा ‘ई पीसी ७०१’ आला: ७ इंची पडदा, वजन एक किलोच्या आत, ५१२ एमबी मेमरी, ३९९ डॉलर. ऑस्बोर्नच्या आठ हजार पट मेमरी, बाराव्या हिश्श्याचं वजन, पावपट किंमत. एवढ्या छोट्या कळफलकावर जोडाक्षरांसकट मराठी टंकणं मात्र बोटांना जाच होता.

स्वस्त लॅपटॉपचं आणखी एक स्वप्न महाराष्ट्राच्या मातीत उतरलं, तेही २००७ मध्येच. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या शाळेत झाला. २२ मुलांना हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं मिळाली: सुमारे दीड किलो, धूळ-पाणी सोसणारी, भर उन्हात वाचता येणाऱ्या पडद्याची. जाहीर केलेली किंमत १०० डॉलर, प्रत्यक्षात ती दोनशेच्या जवळ गेली. केंद्र सरकारने त्याआधीच, २००६ मध्ये, हा उपक्रम नाकारला होता. पुढे २०११ मध्ये ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट आला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या गटाकडे होतं. टीका ‘आकाश’वर पुष्कळ झाली, आणि पडद्याच्या नि वेगाच्या बाबतीत ती रास्तही होती. तरीही उन्हात वाचता येणारा पडदा हे खैरातच्या यंत्राचं वैशिष्ट्य बाजाराने उचलायला हवं होतं. बांधावर पंचनामा करणाऱ्या माणसाला त्याची गरज शाळेतल्या मुलाइतकीच आहे, आणि आजही साधा लॅपटॉप उन्हात उघडला की त्यात फक्त आपला चेहरा दिसतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. मदतीसाठी शेतकरीवार याद्या करायच्या होत्या: नाव, गट नंबर, क्षेत्र, बँक खातं, शाखेचा संकेतांक. खात्याचा एक आकडा चुकला तर पैसे अडकत. अशा कामाला पंधरा इंची लॅपटॉप बरा पडतो, कारण त्याच्या उजवीकडे आकड्यांच्या कळा वेगळ्या असतात. सव्वादोन-अडीच किलोंचं ओझं होतं, पण सातबाऱ्यातलं क्षेत्र आणि आकार टंकणाऱ्याला पातळ यंत्रापेक्षा त्या कळांची किंमत जास्त.

याच दशकात ई-फेरफार आलं. खरेदी किंवा वारसाची नोंद तलाठी संगणकावर घेतो, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत सरते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सह्या डिजिटल झाल्या, त्यासाठी यूएसबीचं छोटं टोकन आलं. तलाठ्याला लॅपटॉप लागणारच होता. अनेकांनी तीस-चाळीस हजारांचं यंत्र पदरमोड करून घेतलं. लॅपटॉप, प्रिंटर आणि नेटची सोय या मागण्या तलाठी संघटनेच्या निवेदनांत वर्षानुवर्षे राहिल्या. त्या रास्त होत्या. ज्या कागदावर शेतकऱ्याचं पीककर्ज अवलंबून आहे, तो तयार करण्याचं साधन कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून आणावं, ही व्यवस्था कोणत्याच राज्याला शोभत नाही.

वेगाचं गणित तर पार उलटं झालं. लॅपटॉप कितीही चपळ घेतला तरी नोंद मुंबईच्या सर्व्हरवर होणार. दिवसा राज्यभरातले तलाठी एकदम जोडले जात, सर्व्हर रांगत असे. म्हणून लोक रात्री जागून फेरफार उरकत. दुकानात आय-थ्री की आय-फाइव्ह याची चर्चा करून घेतलेलं यंत्र रात्री अकरा वाजता गोल फिरणाऱ्या खुणेकडे पाहत बसे. त्या वर्षांत नेटचं चांगलं डोंगल हे महागड्या प्रोसेसरपेक्षा शहाणपणाचं होतं.

२०१७ मध्ये हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवण्यासाठी गावोगाव चावडी वाचन झालं. नोंदी मोठ्याने वाचायच्या, चूक निघाली की तिथेच टिपायची. जुन्या जमाबंदीतली ही रीत; आता वाचणाऱ्यापुढे संगणकाने काढलेली यादी होती. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याला गाठायचं कारण उरलं नाही. दप्तराची प्रत निघत नाही म्हणून घालाव्या लागणाऱ्या फेऱ्या इथे संपल्या. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. बारा नंबरचं पीक आता शेतकरी स्वतः बांधावर उभं राहून फोनवर, फोटोसकट नोंदवतो. फोनचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, पडदा उन्हातही बऱ्यापैकी दिसतो, किंमत लॅपटॉपच्या पावपट. शेतातल्या कामासाठी लॅपटॉप या तुलनेत हरला आणि ते योग्यच झालं.

जिंकला तो दुसऱ्या ठिकाणी. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर पोचलं. निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या कचेऱ्यांचे जुने रुमाल सुटले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणली गेली, कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. या चित्रांत साधा शब्दशोध चालत नाही; नाव टाकलं आणि पान आलं, असं होत नाही. जाणकाराने पडद्यावर पान मोठं करून, ओळ लावूनच वाचायचं. फोनच्या पडद्यावर हे होत नाही. त्याला मोठा, स्पष्ट पडदा लागतो, शेकडो चित्रं भराभर उघडण्यासाठी भरपूर मेमरी आणि एसएसडी लागते, आणि एका बाजूला मूळ पान, दुसऱ्या बाजूला लिप्यंतर ठेवायला जागा लागते. दीड किलोचा की अडीच किलोचा, याला तिथे महत्त्व नाही. यंत्र दिवसभर टेबलावरच राहणार आहे.

२०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं. त्याच्या पिशवीत आज फोन, टोकन आणि लॅपटॉप असतो. गाव नमुन्यांचे क्रमांक मात्र जुनेच चालू आहेत: वारसाची नोंद सहाला, पीक बाराला, खातं आठ-अ ला.